चोळीबांगडीचं खाचर

पौड,
१० फेब्रुवारी १९६३

ती. रंभाआक्कास,
जयसिंगचा साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी कोणत्या तोंडाने मागू? शाळेत कामं होती हे खरं, पण ते कारण नव्हे. रोज संध्याकाळी मी माझ्या वहीत दिवसाची टिपणं लिहितो, म्हणजे लिहायला हात मोकळा होता. तुला पत्र लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागली असती आणि ती मला सांगायची नव्हती. आज सांगतो, कारण तुला विचारल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला एक तरुण आला. बी.ए. होऊन बी.टी. केलेला. आडनाव आणि गाव वाचलं तेव्हाच कळलं. कासार आंबोलीच्या हैबतरावांचा मुलगा, वाल्मीक. तुझ्या नवऱ्याचा मुलगा. तुला आपल्या दारात सोडून त्यांनी जी दुसरी केली, त्या सगुणाबाईचा. नेमणूक संस्थेने केली होती. मी विरोध करू शकलो असतो, केला नाही. सगुणाबाई पुढे वारल्या, हे तुझ्या कानावर आलं असेल.

मुलगा शिकवतो चांगलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, तरी शिकवतो चांगलंच. आठवीतली मावळातली पोरं मधल्या सुट्टीत इंग्रजीतून भांडतात.

आता त्याची इथिओपियात इंग्रजीचा शिक्षक म्हणून निवड झाली आहे. मुंबईला मुलाखत झाली, करार आला, मुदत घालून. आधी पासपोर्ट काढायचा, मग व्हिसा. त्यासाठी कागदांची चळत लागते: पदवी, देवीची आणि पिवळ्या तापाची लस टोचल्याचे दाखले, फोटो, जामीन आणि मुख्याध्यापकाचा अनुभवाचा व चारित्र्याचा दाखला. तो दाखला मागायला तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तुमच्या सहीवाचून सगळं अडलंय." मी म्हणालो, "बघू."

तो वळून जायला लागला तेव्हा पाठमोरा अगदी बाप दिसला. एक खांदा किंचित पाडून चालायची तीच लकब. माझ्या डोळ्यांसमोर आपलं अंगण आलं आणि गाडीतून उतरवलेली तुझी पेटी.

मसुदा लिहिला आणि फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. दाखला दिला तर तुझा अपराधी. न दिला तर त्या मुलाचा, ज्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. अपमान तुझा झाला, तेव्हा निर्णयही तुझाच असावा. तू सांगशील तसं करीन. (वहीत लिहून ठेवलं आहे: हा मान देणं आहे, की आपलं ओझं बहिणीच्या डोक्यावर ठेवणं?)

तुझा,
जयसिंग


कराड,
१९ फेब्रुवारी १९६३

चि. जयसिंगास रंभाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिवणाच्या वर्गात मिळालं. मुलींना काजं करायला बसवलं आणि वाचलं. वाचून झाल्यावर एका पोरीचं चांगलं झालेलं काज मी उसवून टाकलं. ती रडली. तिचा काय दोष?

तर हैबतरावाचं पोरगं माझ्या भावाच्या दारात हात पसरून उभं हाय. मला हे ऐकायला मिळालं, बास झालं.

तू विसरला असशील म्हणून लिहिते. पंचमीला मला माहेरी धाडली. "चार दिसांनी गाडी पाठवतो," असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला व्हता. मी रोज वेणीफणी करून ओट्यावर बसायची. गाडी आली ती माझी लग्नातली पत्र्याची पेटी घेऊन. हाकणारा म्हणाला, "मालकानं सांगितलंय, उतरून घ्या." आई म्हणाली, "आणि पोरीला न्यायला कोण येणार?" तो बैलांच्या शेपट्यांकडं बघत राहिला. मग सगुणाची वरात आपल्याच वाटेनं नेली, वाजंत्री लावून. दुसरी वाट जवळची व्हती.

मग पंच बसले. आपल्या बापाची जमीन धरणात गेलेली, बुडितातला माणूस, त्याच्या बाजूनं कोण बोलणार? हैबतराव पंचांपुढं म्हणाला, "भाकड जनावर दावणीला कोन ठेवतंय?" आणि पंच हसले. मी दाराआडनं ऐकत व्हते. तू सोळा वर्षांचा, मुठी वळून उभा. घरी येताना मला म्हणालास, "आक्का, मी शिकून मोठा होईन आणि याला बघून घेईन." झालास मोठा. आता बघून घे.

खोटं लिही म्हणत न्हाई. तुला जमणार बी न्हाई. लहानपणी चोरलेल्या कैऱ्या तू परत झाडाखाली ठेवून यायचास. तू फक्त लिहू नकोस. न लिहिणाऱ्याचा हात कोण धरणार? भाऊबीजेपासनं मला पत्र लिहायला तुला सवड झाली न्हाई, तशीच त्याला दाखला लिहायला बी होऊ देऊ नको. "बघू" म्हणालास ते लई चांगलं केलंस. रोज म्हण. गोड बोलून म्हण. मुदत टळंपर्यंत म्हण. मला बी चार दिवसांनी गाडी येणार व्हती.

चंद्राला आशीर्वाद.

रंभा


पौड,
१७ मार्च १९६३

ती. आक्कास, सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. आणि खरं लिहितो, मला ते आवडलं.

शाळा सुटली की वाल्मीक माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहायचा. मी मान वर न करता हजेरीपट चाळत राहायचो. "सर, दाखला?" "परीक्षा तोंडावर आल्यात, वाल्मीकराव. बघू." एकदा शिक्का सापडत नाही म्हणालो. शिक्का माझ्या कोपरापाशीच होता. त्याला दिसत होता, आणि त्याला दिसतो आहे हे मला कळत होतं. त्या दिवशी मी घरी चवीने जेवलो. चंद्रा म्हणाली, "काय हो, आज शाळा तपासायला आलेला साहेब शेरा बरा देऊन गेला वाटतं?" वहीत लिहिलं: सूड गोड लागतो. याची लाज वाटायला हवी, ती अजून वाटलेली नाही.

परवा दुपारी हैबतराव स्वतः शाळेत आले. पंच बसले होते त्यानंतर मी त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. अंग वाळलं आहे, हातात काठी आहे, आवाज मात्र तोच.

"मास्तर, वळख हाय न्हवं?"

"आहे. बसा."

"बसाया न्हाई आलो. पोराचा कागद तुमच्याकडं हाय म्हनं."

मी मनात म्हटलं, आला. आता हा मुलासाठी विनवणार. मी खुर्ची जरा मागे सरकवली, पाय धरायला जागा राहील एवढी. हे तुला लिहिताना कानशिलं तापतात, पण सरकवली.

"आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

"तुमी अडवून धरलाय. लई उपकार झालं बगा."

मी हजेरीपट मिटला.

"असाच दाबून ठेवा. मुदत टळू द्या. एकुलतं एक पोरगं, आन हबसाणात जातंय. गेलं म्हंजी आलं का परत? तितलीच एखादी करून बसंल. वावरं कोन बघनार? मरताना मला पानी कोन पाजनार? मी त्येला जामीन ऱ्हायलो न्हाई, आन गावात कुनाला ऱ्हाऊ बी देत न्हाई. आता तेवडा तुमचा कागद ऱ्हायला की मिटलं. पाव्हनं हाय तुमी, म्हनून हक्कानं सांगतोय."

पाहुणे! पंचवीस वर्षांनी मी त्यांचा पाहुणा झालो.

"कुठल्या नात्याने पाहुणे?" मी विचारलं.

"आता... जुनी सोयरीक हाय की."

"कोणाकडून सोयरीक? नाव घ्या."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "ते आता कशाला उकरायचं, मास्तर? लई दिस झालं त्येला." दाराशी जाऊन वळले. "आंबं उतरलं की पाटी धाडतो."

ते गेले आणि मला उमगलं. म्हणजे महिनाभर मी सूड घेत नव्हतो, हैबतरावांची चाकरी करत होतो! आपल्याला वाटलं, मुलगा अडला की बाप तळमळेल. बाप तर आमच्या नावाने खुशीत विड्या ओढत होता.

त्याच संध्याकाळी दाखला लिहिला. उत्तम शिक्षक, चारित्र्य निष्कलंक, परदेशात आपल्या देशाची शोभा वाढवील असा तरुण. एकही शब्द खोटा नाही. पण जो शब्द लिहीत होतो तो हैबतरावांना कसा झोंबेल, एवढंच माझ्या मनात होतं. खऱ्या शब्दांनीही सूड घेता येतो हे या वयात कळलं. हैबतरावांनी दाखला द्या म्हणून विनवलं असतं, तर दिला असता का? उत्तर मला ठाऊक आहे. वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.

अर्थात त्याचा उपयोग नाही. पासपोर्टाला असा जामीनदार लागतो, ज्याच्या नावावर जमीनजुमला आहे. मुलगा परदेशात अडकला तर परत आणण्याचा खर्च त्याने भरायचा, आणि तेवढी ऐपत असल्याचा दाखला इथल्या कचेरीतून घ्यायचा. कासार आंबोलीपासून भूगावपर्यंत वाल्मीक फिरून आला. हैबतरावांशी वाकडं घ्यायला कोणी तयार नाही. मी राहिलो असतो, पण आपल्याकडे जमीन कुठे आहे? होती ती मुळशीच्या पाण्याखाली. तेव्हा तेच जिंकले, आक्का. पुन्हा.

जयसिंग


कराड,
२४ मार्च १९६३

चि. जयसिंगास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या! जमीन न्हाई म्हणतोस, मग दर साली मला आंबेमोहोर पाठवतोस तो काय शाळेच्या मैदानात पिकतो?

पंचांनी मला दिलेलं कासार आंबोलीचं खाचर. तूच माणसं लावून लावणी करतोस, तूच कापणी करतोस, आणि तूच लिहितोस की आपल्याकडं जमीन न्हाई. तुझी चूक न्हाई. मला बी पत्र दोनदा वाचल्यावर सुचलं. आपल्या घरात त्याला कधी कुणी जमीन म्हटलंच न्हाई. 'चोळीबांगडी' म्हणतो. टाकलेल्या बाईला बांगड्या भरायला फेकलेला तुकडा. आई त्याचं नाव निघालं की पदर तोंडाला लावायची, बाप त्या बांधावर कधी गेला न्हाई. पण सातबाऱ्यावर तलाठ्यानं चोळीबांगडी लिहिलंय का? माझं नाव लिहिलंय.

मी जामीन राहते.

नातं विचारतील. सवतीची लेकरं पहिलीला थोरली आई म्हणतात, हे कचेरीतल्या लोकांना आईबापांनी शिकवलं असंलच. त्यानं मला सोडचिठ्ठी दिली न्हाई. कशाला देईल? दावं सोडलं की झालं. तवा कायद्यानं मी अजून त्याची बायको हाय. मग त्याच्या पोराची मी कोण? आई. तेच लिही.

पोराला एकदा इकडं पाठव. कुणासाठी माझा तुकडा टांगणीला लावते ते बघू दे.

आणि मला दया आली असं तुझ्या त्या वहीत लिहू नकोस. त्यानं भाकड म्हणून मला दावणीवरनं सोडलं. आता त्याची दावण मी रिकामी करते.

रंभा


पौड,
२८ एप्रिल १९६३

ती. आक्कास, सा. न.

वाल्मीक कराडहून आला तो गप्प गप्प आहे. अंगात नवा सदरा होता. "थोरल्या आईनं शिवला, माप न घेता," एवढंच म्हणाला. मला वाटतं, तू लिहितेस तेवढी कठोर तू नाहीस.

कामाचं लिहितो. इथल्या वकिलांना विचारलं. सन छप्पनच्या कायद्यानंतर पोटगीत मिळालेली जमीनही बाईच्या पूर्ण मालकीची होते. ते खाचर तुझंच आहे, कोणाला विचारायची गरज नाही. कचेरीतल्या कारकुनाने नात्याच्या रकान्याशी पेन थांबवलं. "अर्जदाराची आई तर मयत आहे ना?" मी म्हणालो, "थोरली आई हयात आहे." "पुरावा?" मी सातबारा पुढे केला. रंभाबाई भ्रतार हैबतराव. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनीच तुझ्या नावापुढे आपलं नाव लिहून घेतलं होतं, जमीन घराण्याबाहेर गेली असं कोणी म्हणू नये म्हणून. कारकुनाने मान हलवली. 'सावत्र' लिहायला हवं होतं का, याचा मी दोन दिवस विचार केला. लिहिलं नाही. तुला सोमवारी, १३ मेला जातीने सही करायला यावं लागेल.

आता पुढचं. ते लिहायला जड जातं, पण तुझ्यापासून लपवण्याचा मला अधिकार नाही.

तलाठ्याकडून बातमी लागायची ती लागली. काल सकाळी दारात घुंगरांचा आवाज आला. हैबतराव बैलगाडी घेऊन आले होते. गाडीत घोंगडी अंथरलेली, हातात हिरवं लुगडं, खण, नारळ. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "न्यायला आलोय म्हनावं. मानानं नांदवतो. किल्ल्या तिच्या कमरंला. फकस्त ती सही तेवडी करू नगा म्हनावं."

चंद्रा आत गेली ती बाहेर आली नाही. मी त्या माणसाचा द्वेष करतो. तरी ती गाडी दारात पाहिली आणि क्षणभर वाटलं, आईला हाक मारावी, म्हणावं, बघ, आली. आई मरेपर्यंत तिचे कान त्या वाटेकडे होते. तुझे किती वर्षं होते, ते मी कधी विचारलं नाही.

मी त्यांना सांगितलं, ती कराडला असते, तेरा तारखेला कचेरीत येईल, उत्तर तीच देईल. लुगडं घेतलं नाही. तुझ्या मनात जायचं असेल तर त्यात मला कमीपणा वाटणार नाही. आणि वाल्मीकला काय सांगायचं ते मी बघून घेईन. उत्तर पाठव.

जयसिंग


कराड,
२० मे १९६३

चि. जयसिंगास अनेक आशीर्वाद.

पत्राचं उत्तर दिलं न्हाई, एकदम कचेरीतच आले. सही झाल्यावर घरी न येता दुपारच्या एस.टी.त बसले. रागावू नकोस. चंद्राला सांग, पुरण शिजवलंस ते माझ्या नावानं पोरांना वाढ. तुमच्या दारात ती गाडी येऊन गेलेली, मला तितं बसवलं नसतं.

तू आत कारकुनाशी हुज्जत घालत व्हतास, वाल्मीक मुद्रांक आणायला गेला व्हता, तेवढ्यात पडवीत काय झालं ते तुला ठाऊक न्हाई. मी बाकावर बसले व्हते. हैबतराव काखेत गाठोडं घेऊन मला शोधत फिरत व्हता आणि माझ्या पुढनंच जात व्हता. त्यानं मला वळखलं न्हाई. शेवटी मीच म्हणाले, "हैबतराव, हितं." नवऱ्याला नावानं हाक मारली तशी शेजारची बाई दचकून सरकून बसली.

"चला," म्हणाला.

"कुठं?"

"घरला. गाडी आनलीया."

"पंचवीस वर्षं लागली? बैल लई म्हातारे दिसतात."

"चुकलं असंल. वय व्हतं. आई म्हनली तसं केलं."

"पंचांपुढं भाकड कोण म्हणालं? आई?"

खाली बघितलं. म्हणाला, "राग धरू नगंस. घर तुजंच हाय."

"भाकड जनावर नेऊन करता काय? दूध न्हाई, वासरू न्हाई."

"वासरूच तर मागतोय," म्हणाला, आणि रडाय लागला. फेट्याच्या शेवानं डोळं पुसत, लोकांसमोर.

या दिवसाची मी लई वाट बघितली व्हती, जयसिंग. मला वाटायचं, हा रडंल तवा माझं पोट भरंल. भरलं न्हाई. पण पाझर बी फुटला न्हाई. खोटं कशाला लिहू? मी म्हणाले, "तुमच्याकडं एकच गोष्ट मागायची व्हती मला, मूल. ते आता घेते. बाकीचं घर तुमचं तुम्हाला."

तेवढ्यात तू हाक मारलीस. सही करताना तो दाराच्या चौकटीला धरून उभा व्हता. त्याच्याकडं बघत सही केली, म्हणून शेवटचं अक्षर खाली घसरलंय. चालतं का विचारून घे.

तू सदऱ्याचं लिहिलंस. आता आलास मोठा मन वळखणारा. माप घ्यायला नको व्हतं, बापाचंच माप हाय. खांदा एकीकडं उतरता ठेवावा लागतो, ते माझ्या हातांना पाठ हाय. आणि शिवला तो पोराला थंडी वाजू नये म्हणून न्हाई. जायच्या दिवसापर्यंत हैबतरावानं तो रोज घरात फिरताना बघावा, म्हणून शिवला.

पोरगं मात्र जेवताना मिरच्या काढून ताटाच्या कडेला ठेवतं. तो बी तसंच करायचा. उठताना पाया पडला आणि 'थोरली आई' म्हणाला. मी आशीर्वाद द्यायची विसरले.

गाठोडं त्यानं बाकावरच टाकलं. मी उचलून आणलं. लुगडं चांगलं व्हतं, लाल काठाचं. त्याचे हात-हात तुकडे केले आणि वर्गात वाटले. मुली त्याच्यावर काजं शिकतायत.

रंभा


पौड,
७ ऑक्टोबर १९६३

ती. आक्कास, सा. न.

पुन्हा माझ्याकडून उशीर झाला. या वेळी कारण खरं आहे. काही सांगण्यासारखं घडेपर्यंत थांबलो होतो.

जुलैत पासपोर्ट आला, ऑगस्टात व्हिसा. घसरलेलं अक्षर चाललं. वाल्मीकला मुंबईला पोचवायला मी गेलो होतो, हैबतराव आले नाहीत. तुझा सदरा त्याच्या अंगात होता. त्यानंतर बाजाराच्या दिवशी हैबतराव पौडला दिसतात. कोणाशी बोलत नाहीत. या पावसाळ्यात त्यांची वरची खाचरं पडीक राहिली. लोक म्हणतात, बाईनं चांगलं बघून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणतात, म्हणजे त्यात माझीही पाठ थोपटतात. पाठ थोपटून घ्यायला मला संकोच वाटत नाही, याचाच संकोच वाटतो.

तुझं मागचं कार्ड मिळालं. शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना माहिती हवी आहे म्हणून इथिओपियात थंडी किती असते ते विचारलं आहेस. डोंगरावरचा मुलूख आहे, थंडी बरीच असते. भूगोलाच्या बाईंना सांग, लोकर जाड घ्या.

आज वाल्मीकचं पहिलं पत्र आलं. बापाला वाचता येत नाही, म्हणून शाळेच्या पत्त्यावर, वर माझ्या नावे चिठ्ठी: "सर, बाबांना वाचून दाखवावे आणि मग कराडला पाठवावे." पत्र तुम्हा दोघांना मिळून आहे. मायना असा आहे: 'ती. थोरली आई व ती. बाबा यांस'. तुझं नाव आधी. शिकवणं बरं चाललं आहे, तो वर्गात शिरला की मुलं एकदम उठून उभी राहतात, इथल्यासारखीच मागच्या बाकावरची उशिरा. करार दोन वर्षांचा आहे, पण पुढे वाढवून मिळेल आणि तो घेणार आहे. शेवटी बापाला लिहिलं आहे की, यंदा खाचरातला आंबेमोहोर कापून झाला की सरांवर न टाकता बाबांनी स्वतः थोरल्या आईला कराडला नेऊन द्यावा, माझ्यासाठी तिने आपली जमीन जामीन ठेवली आहे.

पत्र आल्याचं पोस्टमनने कोणाला तरी सांगितलं असावं. मधल्या सुट्टीनंतर हैबतराव येऊन शाळेच्या पायरीवर बसले. शाळा सुटली तरी बसलेच होते. मला बघून उठले. "मास्तर, पोराचं आलंय म्हनं. वाचता का वाईच?"

आक्का, माझ्या तोंडून शब्द निघाला, "बघू."

ते वळले. काठी टेकत गेले. एक खांदा पाडून. घरी आलो, जेवण गेलं नाही. तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे, आज का वाचलं नाही? खरं कारण तो मायना. शाळेत त्यांना नाव घ्या म्हणालो होतो, त्यांनी घेतलं नाही. ते नाव आता त्यांच्याच मुलाने त्यांच्या आधी लिहिलं आहे. वाचून दाखवलं तर मला सुख होणार, आणि त्या सुखाची मला भीती वाटते. तेवढे दोन शब्द गाळून 'ती. बाबा यांस' असं वाचावं, असंही मनात आलं. म्हातारा माणूस आहे, त्याला कुठे कळणार आहे? पण ती दया झाली तरी लबाडीच, आणि ती तुझ्याशी. तुझं नाव एकदा हैबतरावांनी गाळलं, मग आपण घरातल्यांनी तुझ्या जमिनीला जमीन म्हणायचं टाळून गाळलं. मी ते तिसऱ्यांदा गाळणार नाही. मग यात सूड किती आणि खरेपणा किती, ते माझ्या वहीला ठरवता आलेलं नाही. तुला ठरवता आलं तर कळव.

चंद्राचा नमस्कार.

तुझा,
जयसिंग

ता. क. वहीत उद्याच्या पानावर एकच काम टिपलं आहे: हैबतरावांना बोलावून, खुर्चीवर बसवून पत्र वाचून दाखवणे, मायन्यापासून.